स्त्री अभ्यास, वंचितता अभ्यास : आदेश न काढता बंद पडत चाललेली केंद्रं

रानजाई

मागच्या आठवड्यात एका कामासाठी विद्यापीठात गेले होते, तेव्हा आमच्या जुन्या स्त्री अभ्यास केंद्रात डोकावले. तिथे मी नऊ वर्षं शिकवलं. आधी तासिका तत्त्वावर, मग अकरा-अकरा महिन्यांच्या करारावर, शेवटी पुन्हा तासिका. विद्यापीठाचं नाव घेत नाही, कारण तिथे अजून दोन मैत्रिणी कामाला आहेत आणि ही गोष्ट एका विद्यापीठापुरती नाही.

दारावरची पाटी जागेवर आहे. आत प्रभारी संचालक आहेत, त्या मूळच्या दुसऱ्या विभागाच्या. आठवड्यातून दोनदा सह्यांपुरत्या येतात, आणि त्यात त्यांचा दोष नाही, त्यांच्याकडे आणखी दोन कार्यभार आहेत. पुस्तकांच्या कपाटांना कुलपं. वर्ग भरायचा त्या खोलीत परीक्षा विभागाचे गठ्ठे रचलेत. तिथल्या मावशींनी मला ओळखलं. म्हणाल्या, "मॅडम, आता इथं कुणी येत नाही. आठ मार्चला तेवढ्या खुर्च्या लावायला सांगतात."

केंद्र बंद केल्याचा आदेश कुणी काढलेला नाही. विद्यापीठाच्या अधिसभेत (सिनेटमध्ये) ठराव नाही, वर्तमानपत्रात बातमी नाही. निवृत्त झालेल्याची जागा भरली नाही, कराराची मुदत वाढवली नाही, तरतूद दरवर्षी थोडी थोडी उतरवली, झालं. आदेश निघाला असता तर त्याविरुद्ध दाद तरी मागता आली असती.

ज्यांना मागचं माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. देशातलं पहिलं स्त्री अभ्यास केंद्र मुंबईत एसएनडीटी विद्यापीठात १९७४ साली नीरा देसाई यांनी उभं केलं. त्याच वर्षी स्त्रियांच्या स्थितीचा आढावा घेणाऱ्या समितीचा अहवाल सरकारला सादर झाला. दर हजार पुरुषांमागे १९०१ मध्ये ९७२ असलेल्या बायका १९७१ मध्ये ९३० झाल्या होत्या. आकडे जनगणनेत छापलेलेच होते, पण त्यांचा अर्थ त्या अहवालामुळे देशासमोर आला. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने स्त्री अभ्यासाला जागा दिली आणि विद्यापीठ अनुदान आयोगाच्या मदतीने ठिकठिकाणी केंद्रं निघाली. पुणे विद्यापीठातलं केंद्र १९८७ चं. पुढे अकराव्या योजनेत, म्हणजे २००७ नंतर, सामाजिक वंचितता आणि समावेशक धोरण अभ्यासाची केंद्रंही तीसहून जास्त विद्यापीठांत आली. दलित, आदिवासी, भटके-विमुक्त, अल्पसंख्याक यांच्या प्रश्नांवर काम करणारी ही केंद्रं. आज दोन्हींची अवस्था बऱ्याच ठिकाणी सारखीच आहे.

तुमच्याकडे काय चित्र आहे ते लिहा. आणि काही करता येण्यासारखं असेल तर तेही.

कृष्णाकाठ

ताई, तुमच्या नऊ वर्षांबद्दल पूर्ण आदर ठेवून विचारतो. माझ्या गावच्या अनुदानित महाविद्यालयात भौतिकशास्त्राला पूर्णवेळ शिक्षक नाही, गणिताचे तास तासिकेवरचा मुलगा घेतो. पैसा कमी आहे हे खरंच आहे. मग चार-पाच विद्यार्थी असलेल्या विभागाला आधी कात्री लागली तर ते चूक कसं? शेतकऱ्याचा मुलगा दोन वर्षं घालवून एम.ए. करणार, त्याला पुढे नोकरी कोण देणार? हा प्रश्न विचारणारा प्रत्येक जण स्त्रियांच्या विरोधात असतो असं नाही.

वहीखातं

मी विद्यापीठाच्या वित्त व लेखा विभागात सव्वीस वर्षं काढली, आता निवृत्त आहे. या केंद्रांच्या फायली माझ्या टेबलावरून गेल्या आहेत, म्हणून पैशाची बाजू नीट लिहितो.

कृष्णाकाठ, भौतिकशास्त्राचा पैसा आणि या केंद्रांचा पैसा एका खिशातला नव्हताच. भौतिकशास्त्राचं पद राज्य सरकारच्या मंजूर आकृतिबंधातलं, म्हणजे कायम पदांच्या यादीतलं. ते रिकामं राहिलं तरी कागदावर जिवंत असतं, कधीतरी भरती निघाली की भरता येतं. स्त्री अभ्यास केंद्राचं पद मात्र पंचवार्षिक योजनेतलं. आयोग योजनेच्या मुदतीपुरता पगार देणार आणि पुढे राज्याने किंवा विद्यापीठाने ते पद आपल्याकडे घ्यायचं, अशी हमी सुरुवातीलाच लिहून घेतलेली असायची. हमीपत्रावर सही करताना कुणाचा हात थांबला नाही. पद घ्यायची वेळ आली तेव्हा फाईल मंत्रालयात गेली आणि तिथून "वित्त विभागाचे अभिप्राय घ्यावेत" असा शेरा घेऊन परत आली. असा शेरा मी एकाच केंद्राच्या फायलीवर तीन वेळा पाहिलाय.

मग योजनाच संपल्या. नियोजन आयोग गेला, बारावी योजना ३१ मार्च २०१७ ला संपली आणि त्या वर्षीच्या अर्थसंकल्पापासून योजना आणि योजनेतर हा भेदही गेला. हिशेबाच्या दृष्टीने तो बदल योग्य होता असं मला आजही वाटतं. पण "योजनेतलं पद" म्हणून ज्यांची नेमणूक झाली होती त्यांनी कुठे जायचं, हे कुणी ठरवलं नव्हतं. २०१७ मध्ये केंद्रांना काही महिन्यांची मुदतवाढ, मग पुन्हा थोडी, असं चाललं. पगार उशिरा यायचे. उपयोगिता प्रमाणपत्र, म्हणजे मिळालेला पैसा त्याच कामावर खर्च झाल्याचा दाखला, पाठवल्याशिवाय पुढचा हप्ता नाही, आणि मागचा हप्ताच मार्चच्या शेवटच्या आठवड्यात आलेला, मग तो खर्च कधी करणार आणि प्रमाणपत्र कशाचं देणार? पैसे "अखर्चित" म्हणून परत जायचे आणि पुढच्या वर्षी हाच शेरा यायचा की केंद्राला निधी वापरता येत नाही.

हे लिहिताना मला बरं वाटत नाही. अशी पत्रं मीच टाईप करून घेतली आहेत.

मोहोर

+१. आमच्याकडे अध्यासनांचं, म्हणजे एखाद्याच्या नावाने निघणाऱ्या अभ्यासपदांचं, हेच झालंय. महापुरुषांच्या नावाने अध्यासन जाहीर होतं, उद्घाटनाचा फोटो येतो, पुढे त्यावर माणूस नेमला जात नाही.

दूरदेशी

मी अमेरिकेत, ओहायो राज्यात राहते. माझी मुलगी इथल्या एका सरकारी विद्यापीठात नर्सिंग शिकतेय. तुमच्याकडे आदेश निघत नाही म्हणालात. इथे उलट आहे, इथे कायदाच करतात.

मार्च २०२५ मध्ये या राज्यात कायदा झाला. ज्या विषयात तीन वर्षांच्या सरासरीने वर्षाला पाचपेक्षा कमी विद्यार्थी पदवी घेतात, तो पदवी अभ्यासक्रम बंद करायचा. महिन्याभरात टोलिडो विद्यापीठाने नऊ अभ्यासक्रमांचे प्रवेश थांबवले. त्यांत आफ्रिकी वंशाच्या लोकांचा अभ्यास, स्त्री आणि लिंगभाव (जेंडर) अभ्यास, आशिया अभ्यास, अपंगत्व अभ्यास होते. तत्त्वज्ञान आणि स्पॅनिशसुद्धा. शेजारच्या इंडियानात त्याच वर्षी अर्थसंकल्पाच्या विधेयकातच पदवीसाठी वर्षाला सरासरी पंधरा पदवीधरांची अट घातली, आणि तिथल्या सरकारी विद्यापीठांनी चारशेहून जास्त अभ्यासक्रम बंद करायला, थांबवायला किंवा एकमेकांत मिसळायला काढले.

आता माझ्या मुलीचं सांगते. तिने पहिल्या वर्षी स्त्रियांच्या आरोग्यावरचा एक विषय लिंगभाव अभ्यास विभागातून घेतला. प्रसूतीच्या वेळी काळ्या बायकांचं दुखणं डॉक्टर कमी लेखतात, त्यामागचा इतिहास तिला तिथे पहिल्यांदा कळला. ती म्हणते, वॉर्डात त्याचा रोज उपयोग होतो. त्या वर्गात बहुतेक मुलं नर्सिंग, मानसशास्त्र, समाजकार्य अशा विभागांतली होती. पण पदव्या मोजायला बसलं की ही सगळी मुलं त्या विभागाच्या खात्यात शून्य. फी विद्यापीठाला मिळाली, शिकवलं त्या विभागाने, आणि पदवी लागली नर्सिंगच्या नावावर. कृष्णाकाठ, "चार-पाच विद्यार्थी" हा आकडा तुम्ही नेमका कुठून मोजला ते बघा. तुमच्याकडेही असंच होत असेल.

हे विभाग आले कसे, तेही इथे फार जणांना माहीत नसतं. सॅन फ्रान्सिस्को स्टेट कॉलेजात ६ नोव्हेंबर १९६८ ला काळ्या, मेक्सिकन, आशियाई आणि मूळनिवासी विद्यार्थ्यांनी मिळून संप सुरू केला. तो पुढच्या मार्चपर्यंत चालला. पोलिसांनी मुलांना मारलं, शेकडो जणांना अटक झाली. त्यातून वांशिक अभ्यासाचं देशातलं पहिलं महाविद्यालय उभं राहिलं. १९७० मध्ये सॅन डिएगोत पहिला स्त्री अभ्यास कार्यक्रम सुरू झाला, तोही मागणी लावून धरल्यावर.

कृष्णाकाठ

आकड्याचा मुद्दा मान्य. मी एम.ए.च्या प्रवेशावरूनच बोललो होतो. पण मग कायदे करणारे सगळे फक्त पैशासाठी करतात की विषय नको म्हणून करतात?

दूरदेशी

दोन्ही आहे, आणि ते वेगळं करून पाहायला हवं. फ्लोरिडातल्या न्यू कॉलेजच्या विश्वस्तांनी ऑगस्ट २०२३ मध्ये लिंगभाव अभ्यास बंद करायचा ठराव केला, तो विषय नको म्हणूनच. हंगेरीच्या सरकारने २०१८ मध्ये लिंगभाव अभ्यासाच्या एम.ए.ची मान्यताच काढून घेतली. ॲरिझोनात २०१० मध्ये कायदा करून टुसॉनच्या शाळांतला मेक्सिकन-अमेरिकन अभ्यास बंद पाडला. २०१७ मध्ये फेडरल न्यायाधीशांनी त्यामागे वांशिक आकस होता असा निकाल दिला. मुलांची सात वर्षं मात्र गेली ती गेलीच.

कॅलिफोर्नियातल्या सोनोमा स्टेटचं प्रकरण वेगळं. तिथे जवळपास २ कोटी ४० लाख डॉलरची तूट खरोखर होती, विद्यार्थी घटले होते. जानेवारी २०२५ मध्ये त्यांनी सहा विभाग बंद करायचं जाहीर केलं. स्त्री आणि लिंगभाव अभ्यास त्यांतला एक, पण अर्थशास्त्र, भूगर्भशास्त्र, तत्त्वज्ञानही होतं, आणि खेळांचे सगळे संघसुद्धा. म्हणजे तिथे निव्वळ आकस होता असं मी म्हणणार नाही.

त्यातही एक गोष्ट बघण्यासारखी आहे. त्या राज्यात २०२० साली कायदा झाला की कॅलिफोर्निया स्टेट विद्यापीठाच्या प्रत्येक पदवी विद्यार्थ्याने वांशिक अभ्यासाचा निदान एक विषय घेतलाच पाहिजे. त्यामुळे सोनोमात वांशिक अभ्यासाचे छोटे कार्यक्रम एकत्र करायचं ठरलं, ते समूळ काढता येत नव्हते. स्त्री अभ्यासाला तसं कवच नव्हतं. विषय सक्तीच्या श्रेयांकात (क्रेडिटमध्ये) असला की तो टिकतो, एवढं मी त्यातून शिकले.

पालावरून

बराच वेळ वाचत होतो. लिहू की नको असं झालं होतं.

मी विमुक्त जमातीतला. १८७१ च्या कायद्याने आमच्या पणज्यांना जन्मतः गुन्हेगार ठरवलं, १९५२ ला तो रद्द झाला, पण माझ्या लहानपणी गावात चोरी झाली की पोलीस आधी आमच्या पालावर यायचे. बी.ए.पर्यंत मी हे कुठल्याही पुस्तकात वाचलं नव्हतं. माझी समजूत होती की ही आमच्या घरची लाज आहे, बाहेर बोलायची नाही.

वंचितता अभ्यास केंद्रात एम.फिल.ला गेलो तेव्हा मॅडमनी जुन्या हजेरीच्या नोंदवह्यांवर काम करायला सांगितलं. गुन्हेगार ठरवलेल्यांना ठेवायच्या त्या वसाहतीतल्या माणसांना रोज पोलीस पाटलाकडे हजेरी द्यावी लागायची, त्या वह्या. एका वहीत आमच्या आडनावाची माणसं सापडली. बायकांच्या नावापुढे वय आणि "सोबत मूल" असं लिहिलेलं. घरी येऊन आईला वाचून दाखवलं. ती काही बोलली नाही, नुसती ऐकत बसली. दुसऱ्या दिवशी म्हणाली, ते परत वाच.

मी पीएच.डी.ला नाव नोंदवलं आणि दोन वर्षांत मॅडमचा करार संपला. दुसरे मार्गदर्शक मिळाले ते चांगले आहेत, पण त्यांचा विषय ग्रामीण पतपुरवठा. अधिछात्रवृत्तीसाठी आमच्या बॅचला आंदोलन करावं लागलं. मधे मी पेट्रोल पंपावर काम केलं. प्रबंध अजून चालू आहे.

नोकरीबद्दल विचारलंत दादा. मला अजून मिळालेली नाही, हे खरं आहे. पण त्या वह्या कुणी वाचायच्या, हे मला तुम्हाला विचारायचंय. गणिताचा विभाग त्या वाचणार नाही. इतिहासाच्या विभागात माझ्या आधी कुणी त्या मागितल्या नव्हत्या, अभिलेखागारातल्या माणसाने तसं सांगितलं.

कृष्णाकाठ

दादा, तुमचं वाचून काय लिहावं सुचेना. मी माझा प्रश्न ज्या पद्धतीने मांडला ती पद्धत चुकली.

तरी एक म्हणणं मागे घेत नाही, आणि ते रागावून म्हणत नाही. या केंद्रांचं काम आमच्यापर्यंत पोहोचलं नाही. माझी बायको अंगणवाडी सेविका आहे. तिच्या मानधनावर, तिच्या कामाच्या तासांवर कुणीतरी संशोधन केलंच असणार. ते इंग्रजीत, कुठल्या तरी नियतकालिकात. केंद्र बंद पडलं तेव्हा तिला काही गेल्यासारखं वाटलं नाही, कारण ते तिचं आहे हे तिला कुणी सांगितलं नव्हतं.

रानजाई

हे मला लागलं, कारण बरंचसं खरं आहे. बढतीचे गुण इंग्रजी नियतकालिकांना जास्त, मराठी पुस्तिकेला जवळजवळ नाहीत. आम्ही त्या गुणांमागे धावलो. पण सगळ्याच केंद्रांनी असं केलं नाही. शर्मिला रेगे यांनी पुण्याच्या स्त्री अभ्यास केंद्रात दलित स्त्रियांची आत्मकथनं अभ्यासाच्या मध्यभागी आणली आणि वर्गात इंग्रजी न येणाऱ्या मुलामुलींना बरोबरीने बसता यावं यासाठी मराठीतून शिकवायचं साहित्य तयार करण्यावर त्यांचा भर होता. २०१३ मध्ये त्या गेल्या. त्यांच्या विद्यार्थिनी आज ठिकठिकाणी शिकवतात, बऱ्याच तासिकेवर.

नोकरीचंही बोलू. विमेन स्टडीज हा नेटचा, म्हणजे प्राध्यापक पदासाठीच्या पात्रता परीक्षेचा, स्वतंत्र विषय आहे. माझ्या विद्यार्थिनी त्यात उत्तीर्ण होतात आणि मग जाहिरातच नसते. समाजशास्त्राच्या जागेला अर्ज केला तर छाननीत "संबंधित विषय नाही" म्हणून बाद. म्हणजे एका हाताने पात्रता द्यायची आणि दुसऱ्या हाताने दार लावून घ्यायचं. दुसरीकडे, २०१३ च्या कायद्याने दहा किंवा जास्त माणसं असलेल्या प्रत्येक कामाच्या ठिकाणी लैंगिक छळाविरुद्ध अंतर्गत समिती हवी. तिला प्रशिक्षण कोण देतं? केंद्रीय अर्थसंकल्पात २००५-०६ पासून लिंगभाव अर्थसंकल्पाचं, म्हणजे स्त्रियांसाठी किती तरतूद आहे याचं, विवरण येतं. ते जिल्ह्याच्या पातळीवर कोण वाचतं? बीडमधल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांवर २०१९ मध्ये सरकारला समिती नेमावी लागली. त्या बायकांशी बोलायचं कसं, काय विचारायचं आणि काय विचारायचं नाही, हे शिकवावं लागतं. काम आहे. पदं नाहीत.

आणि जतन करण्याचा मुद्दा, जो पालावरूनच्या वह्यांमुळे निघाला. ताराबाई शिंद्यांची 'स्त्री-पुरुष तुलना' १८८२ ची. स. गं. मालशे यांनी १९७५ मध्ये ती पुन्हा छापेपर्यंत ती जवळपास कुणाला माहीत नव्हती. त्र्याण्णव वर्षं. एका अभ्यासकाच्या हाताला ती लागली म्हणून आज आपल्याकडे आहे.

मोहोर

जून २०२४ मध्ये टाटा समाजविज्ञान संस्थेत शंभरच्या वर कंत्राटी शिक्षक-कर्मचाऱ्यांना कमी केल्याची पत्रं गेली होती, टाटा ट्रस्टचं अनुदान पुढे आलं नाही म्हणून. बोभाटा झाला आणि दोन दिवसांत ती मागे घेतली गेली. म्हणजे बोलल्याने काही वेळा होतं.

चांदणवेल

मी टी.वाय.ला आहे. स्त्री अभ्यासात एम.ए. करायचं मनात आहे, घरचे नको म्हणतात. हा धागा वाचून घाबरले. करू की नको?

रानजाई

चांदणवेल, खोटा धीर देणार नाही. फक्त या पदवीच्या भरवशावर राहू नकोस. समाजशास्त्र, समाजकार्य, कायदा यांपैकी काहीतरी मुख्य घे आणि स्त्री अभ्यासाची पदविका किंवा विषय त्याला जोड. आधी त्या केंद्रात जाऊन ये, पूर्णवेळ शिकवणारं किती जण आहेत ते विचार आणि मागच्या वर्षी किती वर्ग खरोखर झाले ते तिथल्या विद्यार्थ्यांना विचार. मला व्यक्तिगत निरोप पाठव, वाचायला काय घ्यायचं ते सांगते.

वहीखातं

काय करता येईल असं ताईंनी सुरुवातीला विचारलं होतं. माझ्या अनुभवातून तीन गोष्टी दिसतात.

विद्यापीठाचा अर्थसंकल्प मार्चमध्ये अधिसभेपुढे येतो. पदवीधर गटातून निवडून आलेले सदस्य असतात, त्यांना लेखाशीर्षासह (अर्थसंकल्पातल्या त्या खर्चाच्या नेमक्या खात्यासह) प्रश्न विचारायला सांगा : केंद्राला तरतूद किती, प्रत्यक्ष खर्च किती, अखर्चित किती, मंजूर पदं किती आणि भरलेली किती. मोघम भाषणाला उत्तर द्यावं लागत नाही, लेखाशीर्षाला द्यावं लागतं. माहिती अधिकारात सुरुवातीचं हमीपत्र मागा. ते बहुतेक ठिकाणी फायलीत आहे.

दूरदेशींचा श्रेयांकाचा मुद्दा इथेही लागू पडतो. नव्या शैक्षणिक धोरणात विद्यार्थ्याला आपल्या शाखेबाहेरचे विषय घ्यावे लागतात. त्या यादीत स्त्री अभ्यासाचा किंवा विमुक्तांच्या इतिहासाचा विषय अभ्यास मंडळाकडून मंजूर करून घेतला तर कार्यभार, म्हणजे शिकवायचे तास, तयार होतो. कार्यभार असला तर पद मागता येतं. तो नसेल तर कितीही चांगलं काम असो, वित्त विभाग ऐकत नाही.

तिसरं ताईंसाठी. कुलूपबंद कपाटांत पुस्तकांशिवाय आणखी काय आहे?

रानजाई

कॅसेटी आहेत. नव्वदच्या दशकात आमच्या आधीच्या बॅचनी घेतलेल्या मुलाखती. गिरणी संपातल्या बायका, दुष्काळी कामांवर गेलेल्या बायका, दोन-तीन देवदासी चळवळीतल्या. काहींचं लिखित उतरवलेलं आहे, बहुतेकींचं नाही. त्यांतल्या बऱ्याच जणी आता नसतील.

वहीखातं

मग घाई करा. त्या जडसंग्रह नोंदवहीत (सामानाच्या यादीत) "कॅसेट, नग अमुक" एवढ्याच लागलेल्या असणार, मजकुराची नोंद तिथे होत नाही. खोली रिकामी करायची ठरली की निर्लेखन समिती, म्हणजे निकामी सामान ठरवणारी समिती, बसते, यादी करते आणि तुटक्या खुर्च्यांबरोबर सगळं भंगारात जातं. मी अशा याद्यांवर सह्या झालेल्या पाहिल्यात. प्रभारी संचालकांकडे आजच लेखी अर्ज द्या की हे संशोधन साहित्य आहे, ते विद्यापीठाच्या ग्रंथालयाकडे वर्ग करावं. ग्रंथपालांना प्रत द्या. आवक क्रमांक घेतल्याशिवाय परत येऊ नका.

पालावरून

ताई, कॅसेटी संगणकावर उतरवायचं काम मला येतं, माझ्या कामासाठी शिकलो होतो. मशीन आहे. पैसे नकोत. उतरवताना ऐकायला मिळतील तेवढं पुरे.

कृष्णाकाठ

दुष्काळी कामांच्या मुलाखती कुठल्या भागातल्या आहेत? माझी आजी बाहत्तरच्या दुष्काळात खडी फोडायला होती, आमच्या तालुक्यातल्या बायका असतील तर त्यांची बोली मला कळेल. उतरवून द्यायला बसतो, बायकोही बसेल म्हणते.

रानजाई

अर्ज लिहिलाय. सोमवारी अकराला जातेय, संचालक सोमवारी येतात. मावशींना फोन करून सांगितलं की तोवर त्या कपाटाची किल्ली कुणाला देऊ नका. आवक क्रमांक मिळाला की इथे टाकते.